पावसाकडे तोंड, शेळ्यांकडे पाठ

माझे संपूर्ण नाव ‘फळा क्रमांक दोन, हा-फालात्से मिशन शाळा’ असे असून माझे वय एकसष्ट वर्षे आहे. नाव माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आहे आणि जन्मसाल त्याखाली सुताराने खिळ्याने कोरलेले आहे. या दोन्ही गोष्टी मी आरंभीच सांगून टाकतो. ज्याला स्वतःचे नाव आणि वय धड सांगता येत नाही, त्याच्या पुढच्या बोलण्यावर श्रोत्याने का म्हणून विसंबावे?

लेसोथोच्या ज्या डोंगरात मी घडलो तेथे मोठी झाडे नाहीत. माझ्या तिन्ही फळ्या खालच्या सखल मुलखातून खेचराच्या पाठीवर आल्या. सुतार होते न्ताते मोथिबेली. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात, आणि तसे म्हटल्यावाचून त्याचे नाव घेणे हा उद्धटपणा समजला जातो. न्ताते मोथिबेली यांनी आयुष्यभर शवपेट्या आणि बैलांची जोखडे बनवली होती. फळा त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. त्यांनी मला शवपेटीच्या झाकणासारखा भक्कम जोडला, पाठीवर दोन जाड आडव्या पट्ट्या ठोकल्या, आणि चुलीची काजळी उकळलेल्या तेलात कालवून ती माझ्या तोंडाला फासली. तोंड काळे होणे ही इतरांच्या बाबतीत नामुष्की असते. माझ्या बाबतीत तो माझा पदवीदान समारंभ होता.

माझी विद्या मात्र सर्वस्वी माझी स्वतःची कमाई आहे. लोकांना वाटते, फळ्याला काय, सारे त्याच्याच तोंडावर लिहिलेले असते. पण स्वतःचे तोंड कोणाला दिसते? मला अक्षर आजपर्यंत एकदाही दिसलेले नाही. मला ते लागते. खडू कोठे टेकला, कोठे वळला, कोठे घसरत खाली आला, हे मला अंगावर कळते. त्यानंतर समोरचा वर्ग एका सुरात तो शब्द म्हणतो. अंगाला लागलेला आकार आणि कानावर पडलेला आवाज यांची सांगड घालता घालता पहिले वर्ष संपण्याच्या आत मी वाचू लागलो. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना तोवर ते साधले नव्हते. शिक्षकांच्या शुद्धलेखनाच्या चुका मला कुसळासारख्या बोचत. परंतु त्या दाखवून देण्याची सोय नसल्याने मी त्या निमूटपणे अंगावर वागवल्या.

अक्षर दिसत नसले तरी वाचणाऱ्याचा चेहरा मला अगदी समोरून दिसतो. हे भाग्य पुस्तकांनाही लाभते. पण पुस्तकापुढे एका वेळी एकच चेहरा असतो, माझ्यापुढे चाळीस असत. त्यांत मुलीच अधिक, कारण त्यांचे भाऊ डोंगरावर गुरांमागे असत. त्या मुलींत लिमाकात्सो नावाची एक होती. ती ओठ हलवून वाचत असे आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचल्यावर पुन्हा एकदा मागे जाऊन खात्री करून घेत असे. पुढे तिचे लग्न झाले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे सासरच्यांनी तिचे नाव बदलले आणि तिला माखाउता, म्हणजे खाउताची आई, म्हणू लागले. खाउता जन्माला यायला तेव्हा बराच अवकाश होता.

काही वर्षांनी शाळेच्या भिंतीत सिमेंटचा फळा आला आणि मी मागच्या अंगणात गेलो. तेथे माझ्या तोंडावर पीचच्या फोडी वाळत घालण्यात आल्या. मी तक्रार करत नाही. फोडी गोड होत्या आणि त्यांवर बसणाऱ्या माश्यांना अक्षरांची काही किंमत असण्याचे कारण नव्हते. तरीपण ज्याच्यावर एकेकाळी गुणाकार, भागाकार आणि प्रार्थना लिहिल्या गेल्या, त्याच्यावर कोंबडीने झोपावे, हे मनाला लागते.

त्या अवस्थेतून मला न्ताते लेतुका यांनी सोडवले. ते आमच्या भागातल्या कातरणी-शेडचे कारकून. लहानपणी गुरे राखल्यामुळे त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लोकरीच्या गोण्यांवरचे शिक्के वाचत वाचत ते साक्षर झाले होते, म्हणून त्यांचे अक्षर आजही छापल्यासारखे सुटे सुटे येते आणि ते खडू असा दाबून धरतात की मला गुदगुल्या होतात. त्यांनी मला शेडच्या दर्शनी भिंतीवर, पत्र्याच्या पुढे आलेल्या वळचणीखाली टांगले. शेडपुढचे अंगण, शेळ्यांचे कठडे, ओढ्याकडे उतरणारी वाट आणि तिच्यापलीकडचे डोंगर असा सारा मुलूख माझ्यासमोर आला. शाळेत मला कधी खिडकीसुद्धा समोर मिळाली नव्हती.

आमच्या शेडमध्ये लांब केसांच्या अंगोरा शेळ्यांची कातरणी वसंतात होते. आमचा वसंत सप्टेंबरात येतो. प्रत्येक गावाला दिवस ठरवून दिलेला असतो. सकाळी न्ताते लेतुका माझ्या वरच्या भागात त्या दिवसाच्या गावाचे नाव लिहीत आणि खालच्या भागात रेडिओवर ऐकलेला हवामानाचा अंदाज उतरवून घेत. मी या कामाला लवकरच सरावलो. गुणाकारापेक्षा हवामान मला अधिक आवडू लागले, कारण ते रोज नवे असे. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. अंदाज बरोबर ठरला की तो कोणी लिहिला होता हे कोणालाच आठवत नाही. तो चुकला की तीन वर्षे लोक न्ताते लेतुकांना विचारतात, “काय न्ताते, आज तुमच्या फळ्यावर ऊन की गप्पा?”

आता मी त्या वसंताकडे येतो.

त्या वर्षी हिवाळा कोरडा गेला. डोंगरमाथ्यावर बर्फ पडले नाही. पीचची झाडे नेहमीप्रमाणे गुलाबी फुलली, पण फुलांवर धूळ बसली होती. नांगर अंगणात उभे होते आणि बायका ओढ्यात खड्डे खणून पाणी भरत होत्या. अशा वेळी आमच्याकडे बायका एक खेळ खेळतात, आणि तो खेळ असला तरी कोणी तो हसण्यावारी नेत नाही. एका गावच्या बायका दुसऱ्या गावात शिरतात, एखाद्या मानाच्या घरातला पापा ढवळायचा दांडा पळवतात, आणि तो एकीकडून दुसरीकडे फेकत आपल्या गावाकडे धूम ठोकतात. ज्यांचा दांडा गेला त्या बायका मागे लागतात. दांडा सुखरूप गावात पोहोचला की पाऊस येतो, अशी समजूत आहे. पापा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तो दांड्याशिवाय ढवळताच येत नाही, हे त्या चोरीतले खरे मर्म.

त्या रविवारी आमच्या हा-फालात्सेच्या बायकांनी ओढ्यापलीकडच्या हा-कोबेलीतून न्खोनो पुसेलेत्सो यांचा दांडा पळवला. न्खोनो म्हणजे आजी. शेवटचा पल्ला माखाउता धावली. मी तिला माझ्यासमोरच्या वाटेने वर येताना पाहिले. पन्नाशीची बाई, कमरेला ब्लँकेट खोचलेले, हातात दांडा उंच धरलेला आणि मागे ओढ्यापर्यंत आरडाओरडा.

मंगळवारी सकाळी न्ताते लेतुका रेडिओ कानाशी धरूनच माझ्यापुढे आले. पहिल्याच अक्षराला त्यांनी खडू मोडला. वर त्यांनी लिहिले: ‘आज हा-फालात्से.’ त्याखाली त्यांनी ‘पाऊस’ हा शब्द एवढा मोठा काढला की तो माझ्या तिन्ही फळ्यांवरून गेला. आमच्याकडे सभेत शुभवार्ता सांगितली तरी लोक ‘पुला’ असा पुकारा करतात, आणि पुला म्हणजे पाऊस. हा शब्द लहान लिहिणे कोणाच्या हाताला जमण्यासारखे नव्हते. उरलेल्या चिंचोळ्या जागेत, अगदी चौकटीला खेटून, त्यांनी बाकीचे उतरवले: ‘दुपारनंतर वसंताच्या सरी. दक्षिणेचा वारा. तापमान बरेच उतरेल. उघड्यावरची जनावरे सांभाळावीत.’

अंगणात जमलेल्यांनी वरचा शब्द वाचला आणि पुढे कोणी वाचले नाही. पुरुषांनी टोप्या उडवल्या. बायकांनी जीभ हलवून असा काही किलकिलाट केला की कठड्यातल्या शेळ्या बावरल्या. मी एकेक चेहरा पाहत होतो. नजर वरच्या शब्दावर येई, तेथेच उजळे आणि आभाळाकडे जाई. एकच चेहरा खालपर्यंत आला. माखाउताचे ओठ हलले, शेवटच्या शब्दापाशी थांबले आणि पुन्हा मागे गेले.

इतक्यात ओढ्याकडून न्खोनो पुसेलेत्सो काठी टेकत वर आल्या.

“कुठे आहे ती चोरटी?” त्यांनी अंगणात पाऊल टाकताच विचारले. “रविवारपासून मी छत्रीच्या दांड्याने पापा ढवळतेय. सून म्हणते, सासूबाई, आज पापाला कापडाचा वास येतोय.”

“छत्री आता वेगळ्या कामाला लागेल, न्खोनो,” माखाउता म्हणाली. “दांडा पाऊस पडल्यावर मिळेल. तशीच रीत आहे.”

“रीत मला नको शिकवू. तुझ्या वयाची होते तेव्हा मी किती गावांचे दांडे पळवले, विचार कुणालाही. पण माझी धाप कधी ऐकू आली नाही. तुझी धाप आमच्या चुलीपर्यंत येत होती.”

“तरी तुमच्यातल्या एकीच्याही हाती लागले नाही.”

“आम्हीच हळू धावलो. पाऊस काय तुमच्याच शेतात पडणार आहे?”

सारे अंगण हसले. न्ताते लेतुका मात्र हसले नाहीत. ते माखाउताला थोडे बाजूला, म्हणजे थेट माझ्यापुढे, घेऊन आले.

“म्मे माखाउता, खालची ओळ वाचलीत?” त्यांनी विचारले. बाईला आमच्याकडे मानाने म्मे, म्हणजे आई, म्हणतात.

“वाचली, न्ताते. मुंगीएवढं लिहिलंत तरी वाचता येतं मला. याच फळ्यावर शिकलेय.”

“मग माझं ऐका. शेळ्या आज तशाच परत न्या. अंगावर केस आहेत तोवर पावसाने त्यांचं काही बिघडत नाही. कातरल्यावर अंग उघडं पडतं, आणि उघड्या अंगाला दक्षिणेचा वारा लागला तर शेळी सकाळ बघत नाही. तुमचा गोठा वर, लांब. त्याला नुसती दगडाची भिंत, छप्पर नाही.”

“आणि माझी पाळी?”

न्ताते लेतुकांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. “पाळी चुकली की शेवटी जाते. सगळी गावं झाल्यावर. नियम मी केलेला नाही.”

“सगळी गावं होईपर्यंत केस गळून झुडपांना लागतील. मग माझ्या शेळ्यांवरून काय कातराल, सावली?”

ती खरे बोलत होती. अंगोरा शेळीचे केस वसंतात अंग सोडू लागतात. वेळेवर कातरले नाहीत तर वर्षाचे सारे उत्पन्न काट्यांना लटकते. माखाउतापाशी अठरा शेळ्या होत्या आणि त्यांच्याशिवाय दुसरे काही नव्हते. तिचा नवरा खाणीत काम करत असे. सुट्टीवर येताना तो दर वेळी एक शेळी घेऊन येई. त्या वाढत गेल्या. पुढे नवऱ्याऐवजी खाणीतून त्याची पेटी आली. शेळ्या राहिल्या.

“आणि हा पाऊस काही आगंतुक नाही, न्ताते,” ती आवाज चढवून म्हणाली, म्हणजे इतरांनाही ऐकू जावे. “मी मागून आणलाय. दांडा माझ्या हातात होता. मागितलेला पाऊस मागणाऱ्याच्या दारात वैऱ्यासारखा येतो का कधी?”

“एवढं मात्र बरोबर बोलली,” न्खोनो म्हणाल्या, आणि भोवतालच्या बायकांनीही माना डोलावल्या. आमच्या डोंगरात तिला याहून दुसरे काही सांगणारा माणूस त्या दिवशी भेटला नसता. पावसाबद्दल वावगा शब्द तोंडातून काढायला, तोही असल्या वर्षी, कोण धजणार? न्ताते लेतुका यांनीही विषय सोडला.

मला बोलता आले असते तर मी काय म्हणालो असतो, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. बहुधा शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली असती. तिला ती पाठ होती.

माखाउताचा गोठा सर्वांत लांब, म्हणून ती रांगेत शेवटी पोहोचली आणि तिची पाळी सर्वांत शेवटी आली. दुपार कलली तेव्हा भिंतीपलीकडून कात्र्यांचा आवाज आणि कातरणाऱ्या खेथिसाची बडबड मला ऐकू येत होती. “ओरडू नको ग बाई,” तो एका शेळीला सांगत होता, “तुझ्या मालकिणीने तुझ्या आंघोळीसाठी एवढा पाऊस मागवलाय.” कातरलेल्या शेळ्या एकेक करून बाहेरच्या कठड्यात आल्या. केसांखाली त्या किती लहान असतात हे दर वर्षी पाहूनही मला पटत नाही. गुलाबी, हाडकुळ्या, स्वतःच्याच अंगाला लाजल्यासारख्या.

पहिले थेंब आले तेव्हा सगळे अंगणात धावले. तोंडे वर, तळहात पुढे. धुळीचा वास उठला. कोणीतरी ‘पुला’ म्हणाले आणि तो पुकारा डोंगरापर्यंत गेला. माखाउता त्यांच्या मधोमध उभी होती आणि सर्वजण तिच्याकडे पाहून हसत होते. तिचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. नवरा गेल्यापासून तिला कोणी एवढ्या लोकांत मधोमध उभे केले नव्हते.

त्यानंतर वारा वळला.

आमच्या माणसांना तो त्वचेवर कळतो. सारे ब्लँकेटे वर ओढून पांगले. माखाउताने घाईने शेळ्या वाटेला लावल्या. सरी आता तिरप्या येत होत्या आणि त्यांत बर्फाचे कण होते. पहिल्या वळणापर्यंत शेळ्या गेल्या. तेथे त्या थांबल्या. थंडीने धरलेली शेळी पळत नाही. ती पाठीची कमान करते, मान खाली घालते आणि उभी राहते. मग दुसरी तिच्या अंगावर रेलते, तिसरी त्या दोघींवर चढते आणि खाली सापडलेली गुदमरते. माखाउता त्यांना ढकलत होती, शिंगे धरून ओढत होती, एकेकीला सोडवत होती. शेवटी तिने सर्वांत म्हातारी शेळी खांद्यावर घेतली आणि इतरांना उताराने माघारी हाकले. उतार होता म्हणून त्या आल्या.

“न्ताते,” ती दारात येऊन म्हणाली, “आत घ्या यांना.”

दाराच्या चौकटीवर तेलरंगाने लिहिलेले आहे: ‘कातरलेले जनावर आत आणू नये.’ हा नियम निर्दयपणाने केलेला नाही. आत अनेक गावांचे केस ढिगांत पडलेले असतात. त्यांत लेंड्या आणि काड्या मिसळल्या की खरेदीदार सगळ्याच मालाची प्रत उतरवतो. न्ताते लेतुका त्या ढिगांचे राखणदार होते. आयुष्यात एकही नियम न मोडल्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो का असावा हे माझ्यासारख्याला चांगले समजते.

ते दारात उभे राहिले. हलले नाहीत.

“कशाची वाट बघतोस, लेतुका?” पावसामुळे शेडमध्येच अडकलेल्या न्खोनो आतून म्हणाल्या. “रेडिओने परवानगी द्यायची?”

“न्खोनो, सगळ्यांचा माल आहे आत.”

“तर मग उचल तो वर. हात आहेत ना? की नुसते लिहायला दिलेत देवाने?”

ते वळले आणि मला त्यांचा मोठा आवाज प्रथमच ऐकू आला. “खेथिसा! ढीग टेबलांवर घे. ताडपत्री टाक. कोपरा रिकामा कर, दक्षिणेकडचा.” शेळ्या माझ्या बाजूने दारातून आत गेल्या आणि त्यांच्या ओल्या खुरांचा आवाज लाकडी जमिनीवर विखुरला.

दक्षिणेच्या कोपऱ्यात कातरलेली शेळी बाहेर ढकलण्यासाठी एक भोक ठेवलेले आहे, माणूस वाकून जाईल एवढे. त्याला कधी झडप बसवलेली नव्हती. तिची आजवर गरजही पडली नव्हती. आता वारा नेमका त्यातून आत घुसत होता. त्यांनी गोण्या टांगल्या, त्या उडाल्या. बाक आडवा लावला, तो अपुरा पडला. मग न्ताते लेतुका पावसातून माझ्यापुढे आले. त्यांनी मला कड्यांवरून उचलले, आणि सकाळी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळींकडे क्षणभर पाहिले. त्यांना काही पुसून घ्यावेसे वाटले असावे, कारण त्यांची बाही माझ्या तोंडापर्यंत आली. पण त्यांनी तसेच मला उचलून नेले आणि भोकाला लावले. पाठीच्या पट्ट्या धरायला बऱ्या, म्हणून पाठ आत आली आणि तोंड बाहेर राहिले.

माखाउता माझ्या पाठीला पाठ लावून बसली, म्हणजे वाऱ्याने मी आत पडू नये.

मी छपराखाली आयुष्य काढले होते; अंगणातही ढग दिसला की फोडींसकट मला आत नेत. हवामान माझ्यावर रोज लिहिले जात असे; ते मला लागले मात्र कधी नव्हते. मी ‘सरी’ हा शब्द कितीदा वाचला होता, आणि सर लागते कशी हे मला ठाऊक नव्हते. प्रथम वरचा मोठा शब्द गेला. पावसानेच तो पुसला. फडक्याने पुसताना सारे एका हातात जाते. पाऊस मात्र अक्षर अक्षर सोडवत होता, जणू कोणी मला उलट्या क्रमाने वाचत होते. चौकटीजवळच्या ओळी सर्वांत शेवटी गेल्या. गारा आल्या तेव्हा माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या फळीचा सांधा उकलला. शवपेट्या जोडणाऱ्या हाताचे ते काम होते, म्हणून तेवढ्यावरच निभावले.

पाठीकडे मात्र काहीतरी निराळेच चालले होते. जवळजवळ साठ वर्षे माझ्या पाठीला भिंत आणि जमीन यांखेरीज काही लागले नव्हते. आता तिला ऊब लागू लागली. शेळ्या माखाउताच्या भोवती दाटीने येऊन बसल्या असाव्यात. त्यांचे श्वास माझ्या लाकडात मुरत होते. त्यांच्या अंगाचा थरकाप मला फळीतून कळत होता आणि हळूहळू तो कमी होतानाही कळत होता.

“ही दुसऱ्या सुट्टीची,” माखाउता पुटपुटत होती. “ही तिची पोर. ही पावसाळ्यात आणलेली, नदी ओलांडताना त्याने डोक्यावर घेतली होती.” मग तिचा आवाज खाली गेला. “ही पहिल्या सुट्टीची. हिचे पाय गरम होत नाहीत, न्खोनो.”

ब्लँकेटची मोठी पिन उघडल्याचा आवाज झाला. आमच्याकडे म्हातारी बाई ब्लँकेटवाचून चारचौघांत दिसत नाही.

“न्खोनो, तुम्ही गारठाल.”

“माझ्यावर चरबी आहे. तिच्यावर तुम्ही काय ठेवलंय? गुंडाळ. अशी नाही, पोटाखालून.”

ब्लँकेट पोटाखालून ओढल्याचा आणि पिन पुन्हा लावल्याचा आवाज झाला.

“मी वाचलं होतं,” माखाउता म्हणाली. “दोनदा वाचलं.”

“मग?”

“मग सगळे हसत होते. मला वाटलं, एवढ्या आनंदाच्या दिवशी मीच कशी म्हणू की हा पाऊस माझ्यासाठी थांबवा.”

“तू पळवलास तो दांडा कुणाचा?”

“तुमचा.”

“मग पाऊस निम्मा माझा. थंडी तेवढी सगळी तुझी एकटीची कशी? सरक, मलाही त्या फळीला टेकू दे.”

आणि दुसरी पाठ माझ्या पाठीला लागली, पहिलीपेक्षा रुंद.

सकाळी वारा पडला होता. पाऊस पडतच होता, पण सरळ आणि मऊ, शेतकऱ्याला हवा असतो तसा. खालच्या शेतात पहिला नांगर निघालेला मी पाहिला. आत शेळ्या एकेक करून उठल्या. खुरांच्या आवाजावरून मी मोजत होतो. मोजणे हे माझ्या जुन्या व्यवसायातले आहे. सतरा उठल्या. पहिल्या सुट्टीची शेळी न्खोनोंच्या ब्लँकेटमध्ये तशीच राहिली. माखाउताने ते ब्लँकेट सोडवले, झटकले, घडी घालून दोन्ही हातांनी न्खोनोंना दिले, हे मला नंतर खेथिसाच्या बडबडीतून कळले. त्या वेळी ती रडली की नाही हे मी सांगू शकत नाही. माझे तोंड पावसाकडे होते.

पुढच्या आठवड्यात शेडच्या पंचांची बैठक अंगणात भरली. केसांच्या एका ढिगात लेंड्या सापडल्या होत्या आणि न्ताते लेतुकांना जाब विचारायचा होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मी नियम मोडला. अजून कोणी विचारायच्या आधीच सांगतो.” त्यानंतर माखाउता उठली. बायका त्या बैठकीत सहसा बोलत नाहीत.

“पावसाबद्दल मी काही वाईट बोलणार नाही,” ती म्हणाली. “तो मीच आणला आणि पुढच्या वर्षीही लागला तर धावेन. मला पाळीबद्दल बोलायचं आहे. पाळी गेली की माणूस सगळं गमावतो, म्हणून माणूस शेळ्या थंडीत घालतो. माझी एक गेली. तुमच्यातल्या कुणाच्या सगळ्या जातील. अशा दिवशी ज्याची त्याची पाळी राखून ठेवा.”

“असं केलं तर ढग दिसला की जो तो पाळी पुढे ढकलेल,” एक पंच म्हणाले. “आळशी लोकांना तेवढंच निमित्त.”

“ढग नाही,” न्ताते लेतुका म्हणाले. “लिहिलेलं असेल तरच. सरी आणि थंडी, दोन्ही. तोंडी कोणाचं चालणार नाही.”

पंचांनी आपसांत बोलणी केली. शेवटी त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थाने मान हलवली आणि विषय संपला.

वाचकहो, मी आता थकलो आहे. त्या रात्रीच्या पाण्याने माझी काजळी उखडली, आणि उजव्या बाजूला खडू धरत नाही. आपणांस माझी एकच विनंती आहे. कोठेही हवामानाचा अंदाज लिहिलेला दिसला, तर तो चौकटीपर्यंत वाचावा. आणि कोणाचे ओठ शेवटच्या ओळीवर दोनदा हलताना दिसले, तर त्या माणसाला काय अडचण आहे ते विचारावे.

शेडच्या दर्शनी भिंतीवर आता पांढरा नवा फळा आहे. न्ताते लेतुका त्याच्यावर पेनने लिहितात. मला त्यांनी बिजागऱ्या लावून दक्षिणेच्या भोकाला बसवले आहे. सरी आणि थंडी अशी दोन्ही लिहिलेली असतील त्या दिवशी कोणाची पाळी बुडत नाही. ती पहिल्या कोरड्या दिवशी धरली जाते.